लांडग्याची झेरॉक्स

लांडगा कूलरच्या टाकीत पडला मे महिन्यातल्या एका दुपारी, आणि घरात पत्ता लागला दुसऱ्या दिवशी सकाळी. आईने टाकी भरायला पाइप सोडला आणि ओरडली, "अरे, हे कुत्रं कोनं टाकलं टाकीत?"

ते कुत्रं नव्हतं. भाचा झोपेतून उठून धावत आला, कोपरापर्यंत हात घालून ते चिखलट पाण्यातून बाहेर काढलं आणि रडायच्या बेतात म्हणाला, "मामा, माझे वीस हार्ट्स गेले!"

भाचा बारा वर्षांचा, पुण्याचा. पंचेचाळीस डिग्रीत नागपूरला सुट्टी घालवायला येणं शहाणपणाचं नाही, पण मामा इथेच राहतो त्याला काय करणार. सोबत त्याने निन्टेंडो स्विच हे खेळांचं मशीन आणि दोन अमीबो आणले होते. अमीबो म्हणजे निन्टेंडोने 2014 साली काढलेल्या, खेळातल्या पात्रांच्या छोट्या मूर्ती. खालच्या बैठकीत एनएफसीची, म्हणजे नुसतं टेकवून वाचता येणारी, चिप असते. स्विचच्या उजव्या कंट्रोलरच्या, म्हणजे जॉयकॉनच्या, काडीवर मूर्ती टेकवली की खेळात काहीतरी घडतं. बॅटरी नाही, वायर नाही. मेट्रोचं महाकार्ड टेकवतो तसंच.

आता वीस हार्ट्सची भानगड. हार्ट्स म्हणजे खेळातल्या पात्राचा जीव. हा लांडगा म्हणजे वुल्फ लिंक, झेल्डा नावाच्या खेळांचा नायक लिंक याचं लांडग्याचं रूप, पाठीवर एक चिमुकली बाई बसलेली. 2016 साली वी-यू नावाच्या जुन्या मशीनवर झेल्डाचा 'ट्वायलाइट प्रिन्सेस एचडी' आला, त्याच्यासोबत ही मूर्ती आली. त्या खेळात एक अवघड गुहा पार केली की जितके हार्ट्स उरतील तितके मूर्तीच्या चिपमध्ये साठवता येतात, जास्तीत जास्त वीस. पुढच्या वर्षीच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये मूर्ती टेकवली की हा लांडगा सोबत फिरतो, शिकार करतो, शत्रूंच्या अंगावर जातो. चिपमध्ये काही साठवलेलं नसेल तर तो तीन हार्ट्सचा मरतुकडा येतो. साठवलेलं असेल तर वीस हार्ट्सचा वाघ. भाच्याच्या सिंगापूरच्या काकाने ते वीस मिळवले, मूर्ती पुतण्याला दिली आणि वी-यू विकून टाकलं. ते मशीन बनणंही 2017 च्या जानेवारीतच बंद झालं. म्हणजे हे वीस परत मिळवायचे तर आधी ते जुनं मशीन शोधा, मग खेळ शोधा, मग काकासारखा रिकामा वेळ शोधा.

आई म्हणाली, तांदळाच्या डब्यात ठेव. मी पंचाने पुसून पंख्याखाली ठेवलं. उन्हात ठेवायची हिंमत केली नाही, त्या उन्हात प्लॅस्टिक कसं वागेल सांगता येत नाही. संध्याकाळी टेकवलं. लांडगा आला, वीसच्या वीस हार्ट्स घेऊन, जणू अंघोळ करून आला. चिप प्लॅस्टिकात बंद असते आणि तिच्यात वीज खेळत नसते, म्हणून एका रात्रीच्या पाण्याने तिचं काही बिघडलं नाही.

पण पोराच्या पोटात भीती बसली ती बसली. रात्री गच्चीवर झोपताना म्हणाला, "मामा, तुझं तर झेरॉक्सचंच दुकान आहे. याची झेरॉक्स काढ ना."

माझं नागपूरच्या महाल भागात झेरॉक्स, टायपिंग आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. मला वाटलं, एवढ्याशा चिपची कॉपी काढायला काय लागते. लागले नऊ दिवस.

पहिला भाग सोपा निघाला. अँड्रॉइडवर टॅगमो नावाचं अॅप आहे, ते मूर्ती वाचून फाइल करून ठेवतं. माझ्या फोनचा एनएफसीचा अँटेना मागे कॅमेऱ्याजवळ आहे, हे दहा मिनिटं इकडेतिकडे घासल्यावर कळलं. जागा सापडल्यावर दोन सेकंदांत काम झालं. फाइल किती मोठी? 540 बाइट. मी दोनदा पाहिलं. केबी नाही, बाइट. दुकानात कोणी रहिवासी दाखल्याचा अर्ज टाइप करून घेतला तरी त्याहून मोठी फाइल होते. पोराचा अख्खा जीव एवढ्याशा फाइलीत होता. त्याची दुसरी मूर्ती, धनुष्यवाला लिंक, तीही लगे हात वाचून घेतली. फाइलींना नावं भाच्याने दिली, 'लिंक1' आणि 'लिंक2'. ही नावं लक्षात ठेवा.

कोरे टॅग, म्हणजे रिकाम्या चिपा, आणायला बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात गेलो. मोदी नंबर दोन आणि तीनच्या गल्ल्यांत मोबाइलचं काचेपासून चार्जिंगच्या पिनेपर्यंत सगळं मिळतं. "एनएफसी टॅग आहे का?" विचारलं की समोरचा म्हणायचा, "ते तर मोबाइलमध्येच राहते ना भाऊ." एकाने मोठ्या विश्वासाने एक निळी किचेन दिली, सोसायटीच्या गेटला लावतात तसली. फोनने तिच्याकडे पाहिलंही नाही. त्या किचेन बहुतेक 125 किलोहर्ट्झवर चालतात आणि एनएफसी चालतं 13.56 मेगाहर्ट्झवर. विविधभारतीचा रेडिओ लावून पोलिसांचं वायरलेस ऐकायला बसल्यासारखं झालं ते. किचेनचे पैसे गेले. तर्री पोहे खाऊन परत आलो.

मग ऑनलाइन मागवले. इथे नेमकी चिप लागते, एनटॅग 215. हिचीच दोन भावंडं आहेत, 213 आणि 216. दिसायला तिघंही सारखीच, रुपयाएवढी गोल चकती. पण 213 मध्ये वापरायची जागा 144 बाइट, 215 मध्ये 504 आणि 216 मध्ये 888. मला वाटलं, मोठी जागा म्हणजे बरंच की, 216 घेऊ. तसं नाही. अमीबोत 215 असते आणि स्विचला 215 च हवी असते. जास्तीच्या जागेने फायदा होत नाही. विकणाऱ्याने पाकिटावर 215 छापलं होतं. आत निघाली 213. हे कसं कळलं, तर चिप बनवणाऱ्या एनएक्सपी कंपनीचं टॅगइन्फो नावाचं अॅप आहे, ते चकतीची जात सांगतं. दहाच्या दहा चकत्या तपासल्या आणि परत पाठवल्या. ज्याला हे करायचं असेल त्याने पाकीट फोडल्याबरोबर हेच करावं, पाकिटावरच्या अक्षरांचं काही खरं नाही. दुसऱ्या वेळी दुसऱ्याकडून घेतल्या, त्या खऱ्या निघाल्या.

आता एक गोष्ट डोक्यात अडकली. जागा 504 बाइट आणि फाइल 540 बाइट. छत्तीस बाइट कुठे कोंबायचे? याचा उलगडा मला पानांच्या हिशोबाने झाला, धंदाच पानांचा आहे. चिपमध्ये 135 पानं असतात, एका पानावर चार बाइट. म्हणजे 540. पहिली चार पानं चिपच्या स्वतःच्या कामाची. शेवटची पाच कुलूप, पासवर्ड असल्या गोष्टींची. मधली 126 आपली, आणि 126 चोक 504. फाइलमध्ये मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत सगळ्याची नोंद असते, म्हणून 540.

हे कळल्यावर मी अतिशहाणपणा केला. दुसरं एक साधं एनएफसीचं अॅप होतं, वायफायचा पासवर्ड वगैरे चकतीवर लिहायचं. त्यातून फाइल तशीच उचलून चकतीवर टाकली. अॅप म्हणालं, झालं. स्विचने ओळखच दाखवली नाही. भाचा माझ्याकडे बघायला लागला. झेरॉक्सवाल्या मामाची इज्जत गेली.

पुढे दोन रात्री वाचत बसलो, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आमच्या दुकानात रोज स्टॅम्प पेपर येतात टाइप करायला. प्रत्येक स्टॅम्प पेपरला आपला नंबर असतो. भाडेकराराची झेरॉक्स काढली तर ती झेरॉक्सच राहते, करार होत नाही. नवा करार हवा असेल तर नवा स्टॅम्प पेपर घ्या, मजकूर पुन्हा टाइप करा, सही पुन्हा करा. चिपचंही असंच आहे. प्रत्येक चकतीला कारखान्यातच सात बाइटचा नंबर मिळालेला असतो, यूआयडी. एनएक्सपीच्या चिपांचा तो 04 ने सुरू होतो आणि तो आपल्याला बदलता येत नाही. मूर्तीतला मजकूर गुप्त लिपीत असतो, त्याच्यावर सही असते, आणि ती लिपी आणि सही दोन्ही त्या नंबरावर बेतलेल्या असतात. चकतीचा पासवर्डसुद्धा त्याच नंबरातून निघतो. माझ्या फाइलीत मूर्तीच्या नंबराची सही होती आणि चकतीचा नंबर वेगळा. स्विच तपासतो, सही जुळत नाही, विषय संपला.

म्हणून टॅगमो काय करतं, तर फाइलीतला मजकूर उलगडतं, समोरच्या चकतीचा नंबर वाचतं, त्या नंबरासाठी मजकूर पुन्हा गुप्त करतं, नवी सही करतं आणि मग लिहितं. त्यासाठी दोन किल्ल्या लागतात, ऐंशी-ऐंशी बाइटच्या. त्या निन्टेंडोच्या आहेत, अॅपसोबत येत नाहीत. त्या कुठून आणायच्या हे मी इथे लिहिणार नाही. स्वतःच्या मूर्तीची प्रत स्वतःच्या घरात ठेवण्यात मला काही वावगं वाटत नाही. न घेतलेल्या मूर्तींचे गठ्ठेच्या गठ्ठे कार्डावर उतरवून विकणारे आहेत, ते मला आवडत नाही. झेरॉक्सवाल्याने कॉपीराइटवर प्रवचन देऊ नये हेही मला कळतं. दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्स दुकानावर मोठमोठ्या प्रकाशकांनी दावा लावला होता, तो त्यांनी 2017 साली मागे घेतला. त्या आठवड्यात आमच्या धंद्यातल्या लोकांनी एकमेकांना पेढे पाठवले नाहीत एवढंच.

तर किल्ल्या बसवल्या आणि रात्री दहाला, फोन जरा थंड झाल्यावर, आम्ही कूलरसमोर बसलो. चकती कूलरच्या वरच्या पत्र्यावर ठेवली, म्हटलं जरा वारं लागेल. फोन टेकवला. काही नाही. उचलला, पुन्हा टेकवला. एकदा फोन थरथरला आणि लगेच गप्प झाला. कव्हर काढलं. स्कूटरच्या मोबाइल होल्डरसाठी कव्हरमध्ये लोखंडी पट्टी चिकटवली होती, तीही काढली. तरी नाही. भाचा म्हणाला, चकती खराब आहे. दुसरी ठेवली. तीही नाही. मग मी वैतागून चकती हातात घेतली, तळव्यावर फोन ठेवला, आणि फोनने ती ताबडतोब ओळखली.

चूक पत्र्याची होती. चकतीत बॅटरी नसते, तिला वीज फोनच्याच लहरींमधून मिळते, तिच्यातल्या तांब्याच्या वेटोळ्यातून. खाली लोखंडी पत्रा असला की तो त्या लहरी खाऊन टाकतो, चकती उपाशी राहते. नागपूरच्या घरात मे महिन्यात सगळा संसार कूलरच्या भोवती असतो, म्हणून हे आमच्याच नशिबात. मी देवघरातला पाट आणला. आईने विचारलं, "पूजा आहे का कशाची?"

पाटावर चकती, वर फोन. भाच्याने फाइल निवडली, लिहा म्हटलं, आम्ही दोघांनी श्वास रोखला. तीन-चार सेकंद. झालं. स्विच सुरू केला. खेळाच्या ऑप्शनमध्ये अमीबो चालू करावा लागतो, तो होताच. जॉयकॉनची काडी चकतीवर टेकवली.

आकाशातून मांस पडलं. नंतर मासे. मग एक पेटी.

लांडग्याऐवजी लांडग्याचं जेवण आलं. भाच्याने 'लिंक1' च्या जागी 'लिंक2' घेतला होता, धनुष्यवाला. मी म्हटलं, काही नाही, खोडून पुन्हा लिहू. तेव्हा कळलं की खोडता येत नाही. अॅप सगळा मजकूर लिहून झाल्यावर शेवटी कुलूप लावतं, आणि चिपमधल्या कुलपाचा प्रत्येक बिट शून्याचा एक होतो, एकाचा शून्य कधी होत नाही. पान 13 ते 31 कायमचं बंद. पात्राची ओळख 21 आणि 22 या पानांवर असते, तीही त्यातच अडकली. बाकीची पानं मोकळी राहतात, कारण खेळाला तिथे आपली नोंद करायची असते. बँकेच्या खात्यासारखं आहे हे. व्यवहार होत राहतात, खातेदाराचं नाव बदलत नाही. ती चकती आता जन्मभर धनुष्यवाला लिंकच राहणार.

मी फाइलींची नावं बदलली. एकीला 'लांडगा', दुसरीला 'धनुष्य'. मराठीत. भाच्याला ते गावठी वाटलं, पण तो काही बोलला नाही.

दुसऱ्या चकतीला लिहिता लिहिता वीज गेली. फोनला त्याने काही होत नाही, पण कूलर थांबला आणि भाचा दचकून हलला. फोन सरकला. पडद्यावर टॅग लॉस्ट म्हणून लाल अक्षरं. पोराचा चेहरा पडला, त्याला वाटलं हीपण गेली. मलाही तेच वाटलं. पण कुलूप शेवटी लागतं ना! मजकूर अर्धा लिहिला गेला असेल, पण दाराला कडी घातलेली नव्हती. अंधारात, आईच्या बॅटरीच्या उजेडात, तीच चकती, तीच फाइल, पुन्हा एकदा. या वेळी मी फोन दोन्ही हातांनी दाबून धरला, शिवलिंगावर हात ठेवल्यासारखा. झालं.

वीज यायला पाऊण तास लागला. स्विचची बॅटरी होती, पण भाचा म्हणाला, कूलर सुरू झाल्यावरच बघू. कारण विचारलं नाही. वीज आली, कूलर घरघरला, वाळ्याचा वास आला, आणि त्याने काडीवर चकती टेकवली. गवतातून काळाकरडा लांडगा उठला. भाच्याने पडद्यावर बोट ठेवून हार्ट्स मोजले, दोनदा मोजले. वीस.

आई मागून बघत होती. म्हणाली, "याच्यासाठी नऊ दिवस?"

उरलेल्या दिवसांत दुसरी एक प्रत केली. साध्या अॅपने ज्या चकतीवर मी फाइल टाकली होती तिलाच कामाला लावलं, ती कुलूपबंद नव्हती म्हणून वाचली. लांडग्याचं छोटं चित्र छापून लॅमिनेट केलं आणि चकती मागे डबल टेपने चिकटवली. चकतीसकट लॅमिनेशनच्या रोलरमधून काढायची छाती झाली नाही, ते रोलर हाताला लागले तर फोड येतो. एक कार्ड लांडग्याचं, एक मांसाचं. भाच्याने दोन्ही एकाच खिशात ठेवली आणि एकावर एक तशीच टेकवली, तर स्विच गोंधळून गेला. वेगळी केल्यावर ठीक.

एका चकतीवर मी दुकानाच्या वायफायचा पासवर्ड टाकून काउंटरला चिकटवली. गिऱ्हाईक फोन टेकवतात आणि जोडले जातात, अर्थात ज्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये एनएफसी आहे ते. बाकीचे विचारतात, "भाऊ, हे बटण कशाचं?"

भाचा जूनमध्ये परत गेला. मूर्ती पायमोज्यात गुंडाळून सॅकमध्ये घेतली, एक कार्ड पाकिटात. दुसरं कार्ड मी दुकानाच्या गल्ल्यात ठेवलं, रजिस्ट्रीची कागदपत्रं ठेवतो त्या कप्प्यात, वर पेनाने लिहून, 'ऑफिस कॉपी'.

परवा त्याचा फोन आला. आवाज रडका. "मामा, लांडगा मेला. एका गार्डियनने मारला."

"कार्ड चालत नाही का?"

"कार्ड चालतं. पण मेला की त्या दिवशी परत येत नाही. उद्याच येतो."

"उद्या येते ना?"

"हो."

"मग काऊन रडतो बे!"